सांगोल्याचे गणपतआबा: एसटीच्या पुढचं काहीतरी बोलूया

माणकाठ

नमस्कार मंडळी. दरवर्षी ३० जुलै जवळ आला की व्हॉट्सॅपवर तेच ते फॉरवर्ड फिरायला लागतात. अकरा वेळा आमदार, एसटीने प्रवास, एकच पक्ष, एकच मतदारसंघ. सगळं खरंय, एक अक्षर खोटं नाही. पण मला दरवेळी वाटतं की आपण भाई गणपतराव देशमुखांना एसटीच्या पुढच्या सीटवर बसवून ठेवलंय आणि तिथून खाली उतरूच देत नाही. साधे होते हे मान्य, पण त्या साध्या माणसाने पन्नासहून जास्त वर्षं विधानसभेत बसून नक्की केलं काय हे कुणी विचारत नाही, आणि ते विचारायला पाहिजे कारण खरी कमाई तीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १० ऑगस्ट १९२६, मोहोळ तालुक्यातलं पेनूर. घर शेतकऱ्याचं. पुढे वकिलीचं शिक्षण आणि सांगोल्यात बस्तान. शेतकरी कामगार पक्षाकडून १९६२ ला पहिल्यांदा आमदार. नंतर ६७, मग ७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग ७८, ८०, ८५, ९०. ९५ ला १९२ मतांनी पडले. नंतर ९९, २००४, २००९, २०१४. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वय ८८. २०१९ ला स्वतःहून थांबले, २०२१ ला ३० जुलैला सोलापुरात वारले. मंत्री दोनदाच, ७८ ला पुलोदच्या (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दल आघाडीच्या) वेळी आणि ९९ ला. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर.

आता सांगोला कसला तालुका ते बाहेरच्यांनी समजून घ्या. माण नदी नकाशात निळी दिसते, प्रत्यक्षात वर्षातले बरेच महिने वाळूच. पाऊस परतीचा आला तर आला. आमच्याकडं लग्न ठरवताना मुलीकडचे आधी विचारायचे की बोअरला पाणी किती, मग जमीन किती. असल्या तालुक्यातून माणूस सारखा सारखा निवडून येतो, ते नुसता एसटीने फिरतो म्हणून येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आबांचं खरं काम दोन गोष्टींत आहे, शेवटच्या टोकाला पाणी आणि गावात रोजगार, आणि दोन्हीला त्यांनी जो वेळ दिला तेवढा आजचा कुठलाच आमदार देणार नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. सांगोल्याबाहेरचे असेच शेतातून विधानसभेत गेलेले लोक माहीत असतील तर तेही लिहा.

चिकित्सक

चांगला धागा. पण दोन शंका. एक, त्यांना शेतकरी आमदार म्हणणं कितपत बरोबर? ते वकील होते. दोन, सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातला विक्रम असं जे फिरतं ते बरोबर नाही. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ पासून १३ वेळा निवडून आले. करुणानिधी पण १३ वेळा.

माणकाठ

@चिकित्सक, विक्रमाचं तुमचं बरोबरच आहे, म्हणून मी मुद्दाम तो शब्द वापरला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यांच्या शर्यतीत मला रस पण नाही.

वकिलीचं म्हणाल तर त्या काळात दुष्काळी तालुक्यात वकिली करणारा माणूस शेतीपासून लांब राहूच शकत नव्हता. कूळ कायदा १९४८ चा, कसेल त्याची जमीन म्हणून कृषक दिन धरला तो १ एप्रिल १९५७ चा. म्हणजे तालुक्याच्या कोर्टात, मामलेदार कचेरीत जी गर्दी असायची ती सात-बारा, कुळाची नोंद, बांध, सावकाराचा कागद यांचीच असायची. पक्ष पण शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा शिकला आणि ते शिक्षण परत शेतकऱ्याच्याच कामाला आलं, एवढं मला पुरेसं आहे. तुम्हाला औताला हात लावलेलाच पाहिजे असेल तर खाली कुणीतरी लिहीलच.

बोअरवाला_सांगोला

मी अजनाळे साईडचा. आमच्याकडं डाळिंबानं माणसं उभी राह्यली हे जगाला म्हाईत हाय. पण डाळिंब आलं कुठनं ते सांगतो. १९९० ला रोजगार हमीतनं फळबाग लागवड योजना आली, शंभर टक्के अनुदान, खड्डं घ्या, रोपं लावा, मजुरी सरकारची. त्याआधी माळावर हुलगं मटकी सोडून काय येत नव्हतं. मग ठिबक आलं, शेततळी आली, कागद टाकून पाणी साठवायला लागली लोकं. भगवा वाण आला. ताण द्यायचा, पानगळ करायची, बहार धरायचा, पोरं एवढी पटाईत झाली की बाहेरच्या जिल्ह्यातनं बघायला गाड्या यायच्या. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल सुटली ती आमच्या सांगोल्यातनं, थेट बंगालला शालिमारपर्यंत.

पण हे सगळं झालं ते माणसांनी केलं, एकट्या आमदारानं न्हाई. आबांचा वाटा हाय, पर सगळंच त्यांच्या नावावर नका टाकू. आता तेल्या, मर ह्या रोगांनी आणि खोडकिड्यानं बागा काढाय लागल्यात, त्यावर कोण बोलतंय?

मीनल_प

बोअरवालांचा प्रतिसाद खूप आवडला. रोहयोचा, म्हणजे रोजगार हमी योजनेचा मुद्दा सुटता कामा नये. ७२ च्या दुष्काळातून ती योजना मोठी झाली, कायदा ७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचं नाव आपण घेतो ते बरोबरच आहे, पण कामं मागायला रस्त्यावर जे मोर्चे निघाले त्यात लाल बावट्याचे कार्यकर्ते गावोगाव होते. योजना कागदावर येते ती खालून रेटा असला की.

सूतकन्या

पहिल्यांदाच लिहितेय इथे. नेहमी फक्त वाचते.

सांगोल्यात दोन सूतगिरण्या आहेत, शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि दुसरी महिलांची. दोन्हीमागे आबासाहेबच. लोकांना यातली गंमत कळत नाही की आमच्या तालुक्यात कापूस पिकतच नाही म्हटलं तरी चालेल! बाहेरून गाठी आणायच्या, सूत काढायचं, विकायचं, आणि तरी गिरणी चालवून दाखवायची. महाराष्ट्रात कापसाच्या पट्ट्यातल्या किती सहकारी गिरण्या बंद पडल्या ते बघा मग कळेल.

माझी आई तिथं कामाला होती, रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर. घरी आली की केसात, भुवयांवर पांढरं पिंजण अडकलेलं असायचं, आम्ही बहिणी ते वेचून काढायचो. तुटलेला धागा चालू मशीनवर बोटाने कसा जोडायचा ते ती आम्हाला हवेत करून दाखवायची, चिमूट धरल्यासारखी, इतक्या पटकन की दिसायचंच नाही. त्याआधी ती खडी फोडायला जायची आणि दिवाळीनंतर वडिलांबरोबर ऊसतोडीला. गिरणीत लागल्यावर आम्ही एका जागी राहिलो, म्हणून एका शाळेत राहिलो, म्हणून शिकलो. महिन्याच्या महिन्याला पगार आणि फंड कापला जातो म्हणजे काय हे दुष्काळी तालुक्यातल्या बाईला विचारा.

काम सोपं नव्हतं, रात्रपाळी, उकाडा, कापसाच्या धुळीने खोकला. ते पण लिहायलाच पाहिजे. पण आमच्या घरात आबांचा फोटो आहे तो एसटीसाठी नाही, त्या पगारासाठी आहे.

माणकाठ

@सूतकन्या, तुमच्या या प्रतिसादासाठीच धागा काढला असं समजा. लिहीत राहा.

शिरोळकरीण

आमच्याकडचं उदाहरण देते. राजू शेट्टी. शिरोळचेच, शेतकऱ्याचं घर, ऊस. आधी जिल्हा परिषद, मग २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार. ती निवडणूक माझ्या चांगली लक्षात आहे कारण एक नोट एक व्होट म्हणत लोकांनीच पैसे गोळा केले होते. आमच्या गल्लीतल्या बायकांनी भिशीतले दिले. उमेदवाराने मतदाराला पैसे द्यायचे की मतदाराने उमेदवाराला, हा प्रकारच उलटा झाला होता. नंतर ते दोनदा खासदार झाले हातकणंगलेतून, २०१९ ला पडले.

त्यांच्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, आघाड्या बदलल्या, जवळची माणसं सोडून गेली, हे सगळं आहे. पण जयसिंगपूरला विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद झाली की मग पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता ठरायची आणि कारखान्याची धुराडी पेटायची, ही ताकद आम्ही डोळ्याने बघितलीय. आज एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची हे प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. कायद्यात ते होतंच, पण आमच्या बापाला ते माहीत नव्हतं, आम्हाला माहीत आहे.

सुरगाण्याचा

औताला हात लावलेले आमदार पाहिजेत ना, मग आमचे जे. पी. गावित घ्या. जिवा पांडू गावित, माकप, सुरगाणा-कळवण. १९७८ पासून सात वेळा निवडून आले. २०१४ ला नवी विधानसभा बसली तेव्हा हंगामी अध्यक्ष तेच होते. मार्च २०१८ चा लाँग मार्च सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, ६ तारखेला नाशिकहून निघून १२ ला मुंबईत. तेव्हा हा माणूस विद्यमान आमदार होता आणि मोर्चात चालत होता. मुंबईत दहावीच्या पोरांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालून काढला, दिवसा वाहतूक अडायला नको म्हणून. लोकांच्या पायाची सालं निघाली होती.

आणि मागणी काय होती? मुख्य म्हणजे वनहक्क. कसतोय ती जमीन नावावर करा. २००६ चा कायदा असून दावे पडून. आमच्याकडं दावा दहा एकराचा आणि पट्टा मिळतो एक एकराचा, असे प्रकार आहेत. शेतकरी म्हटलं की लोकांना ऊस आणि डाळिंब आठवतं, नागली-वरईवाला कुणाला आठवत नाही म्हणून लिहिलं.

चिकित्सक

सगळे प्रतिसाद वाचले, चांगले आहेत. पण मूळ मुद्द्याला हात घालतो. इतकी वर्षं एकच आमदार, आणि तरी २०१२-१३ ला चारा छावण्या, २०१८-१९ ला परत चारा छावण्या, टँकर. बारामती बघा, इस्लामपूर बघा, अकलूज बघा. सत्तेत असणाऱ्या आमदारांनी पाणी आधी ओढून नेलं. तत्त्वासाठी विरोधात बसण्याची किंमत आमदाराने नाही, तालुक्याने मोजली, असं मला स्पष्ट वाटतं. गणपतरावांबद्दल आदर ठेवूनच विचारतोय.

माणकाठ

प्रश्न योग्य आहे आणि आमच्या तालुक्यात पण हा वाद प्रत्येक पारावर झालाय. छावणीत मी स्वतः राहिलोय वडिलांबरोबर. माणसं जनावरांसकट महिनोन्महिने तिथंच, वर कडब्याचं नाहीतर शेडनेटचं छप्पर, सकाळी वैरणीची गाडी आली की रांग, खिलार बैल बारीक झालेला बघवत नाही. ज्या सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार घ्यायला कर्नाटकातून लोक येतात तिथली ही गत. त्यामुळे तुमचं म्हणणं मला झोंबतं पण उडवून लावता येत नाही.

तरीपण एक लक्षात घ्या. सांगोला सगळ्याच योजनांच्या शेपटाला आहे. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत मग सांगोला. टेंभू उपसा योजना कराडजवळून निघून कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि मग सांगोला. म्हैसाळ योजनेचं पाणी मिरज तालुक्यातून उचलायचं ते कवठेमहांकाळ, जत, मंगळवेढा करत. आमदार सत्तेत असता तरी भूगोल बदलला नसता. आणि आबा एकटे भांडत नव्हते. ९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा यांनी मिळून १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी केली, आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद. पाणीवाटप ठरवणाऱ्या बच्छावत लवादाने दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालाच्या आत अडवलं नाही तर हातचं जाईल, ही भीती तेव्हा खरी होती. ९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभूचं काम सुरू झालं, त्यामागे हा रेटा होता. जे तालुके एकमेकांचं पाणी पळवायला बसलेले होते त्यांना एका मांडवात आणणं हे विरोधी आमदारालाच जमलं असतं असं माझं ठाम मत आहे. सत्तेतला आमदार फक्त स्वतःचा फाटा बघतो.

आज माण नदीवरचे बंधारे टेंभूच्या पाण्याने भरतात तेव्हा काठावरची म्हातारी माणसं बघायला येऊन बसतात. उशिरा आलं, पण आलं.

कालवा_निवृत्त

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, आता निवृत्त. सांगोल्यात नोकरी केली नाही त्यामुळे गणपतरावांशी माझा संबंध आला नाही, पण शेपटाचं पाणी म्हणजे काय ते मी आयुष्यभर बघितलंय म्हणून लिहितो. जरा मोठं होईल.

लोकांना वाटतं आमदाराचं काम म्हणजे योजना मंजूर करून आणणं. मंजुरी हा सोपा भाग. खरी लढाई दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं त्या दर पाळीला असते. कागदावर नियम आहे की पाणी टेलपासून हेडकडे द्यायचं, आधी शेवटच्या माणसाला. प्रत्यक्षात कालवा सुटला की वरचे लोक डोंगळे टाकतात, म्हणजे काठावरून पाईप सोडून पाणी वढायचं, रात्री मोटारी चालू. फाट्याचं गेट वाकवलेलं, कुलूप तोडलेलं, अस्तरीकरण उखडलेलं, चारीत बाभळी. वरच्या भागात ऊस, त्याला बारमाही पाहिजे. खालच्या ज्वारीला दोन पाळ्या मिळाल्या तरी पीक हाताला येतं पण त्या दोन पण वेळेवर पोचत नाहीत. कालवा निरीक्षक एकटा, सायकलवर, लाभक्षेत्र किती तर पंधरा-वीस गावं. त्याला दमदाटी होते. शेवटच्या गावचा शेतकरी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि चारीत ओल पण येत नाही, मग पुढच्या वर्षी तो अर्जच भरत नाही, आणि खातं म्हणतं तिथं मागणीच नाही! असं करत करत टेलची गावं कागदावरून पण गायब होतात.

हे थांबतं कुठे तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. रब्बीच्या आधी एक, उन्हाळ्याच्या आधी एक. धरणात पाणी किती, पिण्याला राखीव किती, आवर्तनं किती, कुठल्या तारखेला कुठला फाटा. आमदार तिथं सदस्य असतो. मी पाहिलंय की बरेच आमदार येतात, चहा घेतात, एक भाषण करतात, निघून जातात. जो आमदार पाळीपत्रक (कुणाला कधी पाणी त्याचं वेळापत्रक) हातात घेऊन विचारतो की मागच्या आवर्तनाला अमुक किलोमीटरला विसर्ग किती होता, त्याला आम्ही अधिकारी टरकून असायचो. असा आमदार असला की खालचा कालवा निरीक्षक पण ताठ उभा राहतो, कारण त्याला माहीत असतं की आपल्या मागं कुणीतरी विचारणारं आहे.

आणि सभागृहात पण तसंच. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, पुरवणी मागण्यांवरचं भाषण, ही सगळी हत्यारं विरोधी आमदाराला पण मिळतात. प्रश्न लागला की मंत्रालयातून फोन सुटतात, कार्यकारी अभियंत्याला दोन दिवसांत माहिती द्यावी लागते, त्या निमित्ताने फाईल हलते. मंत्र्याने आश्वासन दिलं की ते आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. बहुतेक आमदार त्याचा पाठपुरावा करत नाहीत कारण पुढच्या निवडणुकीला त्याचा फोटो निघत नाही. अकरा टर्म टिकलेल्या माणसाचा खरा फायदा इथं आहे, मंत्री बदलतात, सचिव बदलतात, अभियंते बदलतात, पण जुनं आश्वासन आठवणारा माणूस तोच राहतो.

शिरोळकरीण

कालवा_निवृत्त, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. आमच्याकडे पाणी जास्त म्हणून जमीन क्षारपड झाली, तिकडे टेलला थेंब नाही. त्याच नदीचं पाणी.

बोअरवाला_सांगोला

डोंगळं शब्द वाचून बरं वाटलं, साहेब खरंच फिल्डवरचं दिसतात 🙏 उपशाच्या योजनेचं अजून एक असतंय, वीजबिल. पाणी शंभर-दोनशे मीटर वर उचलायचं म्हंजे पंपाचं बिल कोटीत, थकलं की पंप बंद. आता ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी असं झाल्यापासनं जरा बरं हाय. पण आमच्याकडं पाणी मोजून बंद पाईपनं द्या, जमीन असू द्या नसू द्या, घरटी वाटा द्या, ही पाटणकरांची जुनी मागणी हाय. आटपाडीत त्याचं काम झालं, तसं आमच्यात झालं पाह्यजे. त्यावर नव्या आमदारानं बोलावं.

मीनल_प

नव्या आमदारांवरून. २०१९ ला आबांचे नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले, शहाजीबापू पाटील निवडून आले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले, शेकापकडूनच. मग इतक्या वर्षांत पक्षात दुसरा कुणी कार्यकर्ता तयार झाला नाही का? मला हा प्रश्न टोचतो. ज्या पक्षाने कष्टकऱ्याचं राज्य म्हटलं तिथं पण वारस घरातूनच.

माणकाठ

मीनलताई, मलाही टोचतो. एवढंच म्हणेन की आबा असताना घरातलं कुणी पुढे पुढे करताना दिसलं नाही आणि नातवांना लोकांनी एकदा पाडून मगच निवडून दिलंय. तरी तुमचा प्रश्न उभाच राहतो, आणि त्याचं एक कारण पैसा आहे. आयोगाची खर्चाची मर्यादाच आता ४० लाख आहे विधानसभेला. ज्याच्याकडे चार एकर जिरायत आहे त्याने ४० लाख कुठून आणायचे? अनामत दहा हजार भरता येते, पण पुढं काय. ओळखीचं आडनाव असलं की निम्मा खर्च वाचतो, म्हणून पक्ष पण आडनावच बघतात. शिरोळला २००४ ला झालं तसं लोकांनी वर्गणी काढली तरच शेतातला माणूस परत तिथं जाईल.

सुरगाण्याचा

वर्गणीसोबत संघटना पण लागते. आमच्याकडं लोक पैसे कमी आणि भाकरी जास्त देतात, मोर्चाला पण शिधा घरचाच होता. किसान सभेचं सभासदत्व दरवर्षी नव्याने होतं, पाड्यावर बैठक होते. ती नसती तर गावित एकदा निवडून येऊन संपले असते.

सूतकन्या

मला एक सुचवायचंय. आबांची विधानसभेतली भाषणं आणि प्रश्न कुणी एकत्र केलेत का? निदान पाणी आणि सूतगिरणीबद्दलचे तरी. आईला वाचून दाखवायचेत, तिला मोतीबिंदूमुळे आता नीट दिसत नाही.

कालवा_निवृत्त

सूतकन्या, विधानमंडळाच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे खंड अधिवेशनवार असतात. शोधताना नुसतं पाणी असं शोधू नका, सापडणार नाही. पाटबंधारे, लाभक्षेत्र, उपसा सिंचन, टंचाई, रोजगार हमी आणि वस्त्रोद्योग या खात्यांच्या मागण्यांवरची चर्चा बघा. सुरुवात ७४ च्या पोटनिवडणुकीनंतरच्या अधिवेशनांपासून करा, दुष्काळ ताजा होता तेव्हाचा. नीरा उजव्याचे प्रश्न मी बघतो, मला किलोमीटर आणि फाट्यांची नावं कळतात. टेंभूचं माणकाठ यांनी घ्यावं. गिरणीचं तुम्हीच काढा, आईंना विचारून, म्हणजे कुठल्या साली काय झालं ते पडताळता येईल. जे सापडेल ते इथंच टाकत जाऊ.